अची जेवायला उतरली

ग्वाग्वा गावातून गाडी निघाली तेव्हा दुपार कलायला लागली होती. फाटकापर्यंत पोचवायला कुणी आलं नाही. मयताच्या घरून निघताना तसंच असतं. 'येते' म्हणायचं नाही, आभार मानायचे नाहीत, घरच्यांनीही 'सांभाळून जा' म्हणायचं नाही. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. लुमिंगला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण आजवर ती अशी उठून आली होती ती दुसऱ्यांच्या माणसांपासून. आज शवपेटीत तिची थोरली बहीण होती.

निघण्याआधी ती पेटीच्या काचेवर वाकली होती. काचेवर आसू पडू नये म्हणून एका हातानं रुमाल हनुवटीखाली धरला होता. अचीला फिकट निळा झगा घातला होता, ओठांना रंग लावला होता. सगळं गाव तिला सियोन म्हणे. अची म्हणणारी एकटी लुमिंग, कारण थोरल्या बहिणीला अची म्हणतात आणि सियोनला धाकटी बहीण एकच होती.

"अची," लुमिंग काचेशी पुटपुटली, "चल माझ्याबरोबर. आता तरी चल."

हे बोलावणं जुनं होतं. लग्न होऊन लुमिंग डोंगरापलीकडे मोरोंगला समुद्रकाठी राहायला गेली त्या वर्षीपासूनचं. ग्वाग्वात नदी होती, मासे पाळायची मोठाली तळी होती, भरतीचं पाणी त्यात चढायचं आणि उतरायचं. पण पुढे काहीच नाही, नुसतं पाणीच पाणी, असा समुद्र अचीनं पाहिलेला नव्हता. "येते गं, एवढा गावचा सण होऊ दे," असं ती म्हणायची. सण झाला की कुणाचं तरी लग्न निघे, मग बाप्तिस्मा, मग कुणाचा तरी चाळिसावा दिवस. ग्वाग्वात मोठी पंगत असली की रांधायला सियोन लागायचीच. लोक मुहूर्त ठरवण्याआधी तिला विचारून जात. मग तिचे गुडघे गेले, मग डोळे, आणि परवा पहाटे ती स्वतः गेली. मोरोंग राहिलंच.

गाडीत लुमिंग मधल्या बाकावर खिडकीशी बसली. हातातली पिशवी तिनं मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी ठेवली.

"तिनो," ती मुलाला म्हणाली, "वाटेत कुठं थांबू नकोस. सरळ घर गाठ."

तिनोनं आरशातून आईकडे पाहिलं. त्याच्या शेजारी बसलेली त्याची बायको रोवेना मात्र पुरती मागे वळली. सासूला तीही तिनोसारखीच इमा, म्हणजे आई, म्हणे.

"असं कसं, इमा? न थांबता घरी जायचं?"

"मला भूक नाही."

"भुकेचा काय संबंध! मयताकडून सरळ घरी गेलं तर मागे मागे कोण येतं ते तुम्हीच मला शिकवलंत. नवी नवी होते तेव्हा एकदा तशीच घरात शिरत होते, तर दारातनं हाकललंत मला! भर उन्हात नाक्यावर जाऊन सरबत पिऊन यायला लावलंत."

"तो तुझ्या ऑफिसातला कोण कुठला माणूस. त्याला कशाला घरात घ्यायचं? ही अची आहे."

"अची असल्या म्हणून काय झालं?" रोवेनाचा आवाज खाली आला. "घरात बाळ आहे, इमा. अजून बाप्तिस्मासुद्धा व्हायचाय त्याचा."

रोवेनाची मुलगी बाळंतपणाला आली होती. घरात कपड्यांच्या दोऱ्या लंगोटांनी भरल्या होत्या.

"तिनं अर्ध्या गावाची बाळं अंगाखांद्यावर खेळवलीत," लुमिंग म्हणाली. "तुझ्या नातवाला काय ती खाणार आहे?"

"खाणार नाही," तिनो म्हणाला. "पण त्याचं दूध चाखून बघेल आणि म्हणेल, कुणी केलंय हे? पाणचट झालंय."

रोवेनानं त्याच्या दंडावर चापट मारली. मग तिलाही हसू आलं, आणि हसू आलं म्हणून तिनं घाईघाईनं छातीवर क्रूस काढला.

लुमिंग हसली नाही. "मी बोलावलंय तिला," ती म्हणाली.

लुबाओकडचा रस्ता दोन्ही बाजूंच्या पाण्यामधून जात होता. उन्हात तळी नुसती पांढरी दिसत होती. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. बांधावरून बगळे एकेक पाऊल टाकत चालले होते, त्यांनाही घाई नव्हती. लुमिंगला वाटलं, हा रस्ता आपण झोपेतच पाहतोय.

दारा इस्यांगची, म्हणजे इस्यांगमावशीची, खानावळ अशाच एका तळ्याच्या काठाला होती. पाण्यात रोवलेले बांबू, वर नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, आणि रस्त्याच्या बाजूला एक जुनं चिंचेचं झाड. त्या रस्त्यानं मयताला जाऊन येणारी माणसं तिथंच थांबत. मेलेलं माणूस मागं लागलं असेल तर ते इथल्या गर्दीत, वासात, भांड्यांच्या आवाजात रमावं आणि आपण हलकं होऊन घरी जावं, एवढ्यासाठी. पण केवळ थांबायचं म्हणून थांबलेली माणसंही पोटभर जेवून उठत, असं इस्यांगचं जेवण होतं.

तिनोनं चिंचेच्या सावलीत गाडी लावली.

"मी उतरायची नाही," लुमिंग म्हणाली.

"इमा, नुसती दोन मिनिटं."

"तुम्ही दोघं जा. तुमचं थांबणं तुमच्यापुरतं. माझा पाय जमिनीला लागला नाही म्हणजे मी थांबले नाही."

"हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" रोवेनानं विचारलं.

"तुझ्या सासूच्या."

तिनोनं बायकोला डोळ्यांनी खुणावलं. गाडीचं दार वाऱ्यासाठी सताड उघडं ठेवून ती दोघं आत गेली.

लुमिंग बसून राहिली. चिंचेची बारीक पानं टपावर गळत होती, त्यांचा आवाजही होत नव्हता. पाण्यावरून उष्ण वारा येई आणि थांबे. आतून लसूण तळल्याचा वास आला, मागोमाग ताडीच्या शिरक्याचा. तिचे डोळे मिटले का उघडे राहिले ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. एवढंच आठवतं की शेजारची गादी खाली दबली, अंग टेकावं तशी.

"काय तळतायत?" अचीनं विचारलं.

लुमिंगनं मान वळवली नाही. वळवली तर नसेल, अशी भीती. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं तेवढं पाहिलं. फिकट निळा झगा नव्हता. घरातला फुलाफुलांचा सैल झगा होता, धुऊन धुऊन विरलेला, आणि त्यातून आलेले ते दोन मोठे, भाजल्याच्या डागांचे हात.

"गप बस," लुमिंग म्हणाली. "आपल्याला नाही उतरायचं."

"मांगूर मासा आहे. लसूण फार लवकर टाकला बाईनं. करपणार बघ."

"करपू दे. तू बसून राहा. अजून डोंगर ओलांडायचाय, मग समुद्र."

"हो गं. मी नुसती बघून येते."

"अची!"

गादी वर आली. चिंचेच्या सावलीतून उन्हात, उन्हातून छपराच्या सावलीत, फुलाफुलांच्या झग्याची कड हलत गेली. चाल अगदी पहिल्यासारखी, गुडघे जायच्या आधीची.

लुमिंग चडफडली. इतक्या मिनतवारीनं हिला गाडीत बसवली, सुनेशी भांडले, आणि ही तळणीच्या वासाला भुलली! आता एकटीनं गाडीत बसून काय करायचं? तिनं पिशवी उचलली, दाराला धरलं आणि पाय जमिनीवर ठेवला.

पायऱ्यांशी पेरूची पानं घातलेल्या पाण्याचा घडा होता. दारा इस्यांगनं करवंटीनं तिच्या हातांवर पाणी घातलं. रुंद बांध्याची, कुरळ्या केसांची ती बाई काळे कपडे पाहून कुणाला फारसं विचारत नसे.

"आपलं कोण होतं, आपू?" तिनं विचारलं. म्हाताऱ्या बाईला तिकडे आपू, म्हणजे आजी, म्हणतात.

"थोरली बहीण."

"मग आधी आंबट घ्या काहीतरी. रडून आलेल्या जिभेला आंबटच लागतं." आणि तिनं लुमिंगला कोपराला धरून वर नेलं, आपलीच आजी असावी तसं.

पाण्यावर झुकलेल्या मेजाशी तिनो आणि रोवेना बसली होती. सासूला येताना पाहून रोवेनाचा चेहरा सैलावला, पण ती शहाणी होती, तिनं नुसती खुर्ची ओढून दिली. इस्यांगनं केळीच्या पानाचे तुकडे घातलेली ताटं मांडली. एक, दोन, तीन, आणि लुमिंगच्या शेजारी चौथं.

"आम्ही तिघंच आहोत," तिनो म्हणाला.

"असू दे. काळ्या कपड्यांत माणसं आली की मी एक जास्तच मांडते."

रोवेनाची बोटं मेजाखाली जपमाळेकडे गेली. लुमिंगनं मात्र पाहिलं की अची त्या ताटावर येऊन बसलीसुद्धा.

जेवण आलं. पेरूच्या आंबटगोड रश्श्यात माशाचे तुकडे आणि कोळंबी. तळलेला मांगूर, सोबत आंबवलेला गुलाबी भात आणि मोहरीची हिरवी पानं. मसाला भरून तळलेले बेडूक, पाय पसरून निजल्यासारखे. लुमिंगनं हात मागे घेतला. आपण घास घेतला नाही तर अचीलाही बसवणार नाही, कंटाळेल आणि उठेल, असा तिचा डाव होता.

पण अची दोन्ही कोपरं मेजावर टेकून ऐसपैस बसली होती. चपला मेजाखाली काढून टाकल्या होत्या. लुमिंग तिच्याकडे बघत राहिली. ह्या दृश्यात काहीतरी नवीन होतं, काय ते तिला पटकन कळेना. मग कळलं. अचीला जेवायला बसलेली तिनं पाहिलीच नव्हती. उभी असलेली पाहिली होती, एका हातात पळी, चव बघता बघता पोट भरणारी. पंगती उठल्यावर पातेल्याच्या तळाचं खरवडून, भिंतीला पाठ लावून खाणारी. मेजाशी, ताट पुढं घेऊन, बसलेली अची नव्हतीच कधी.

"पेरू थोडे कच्चे पडलेत," अची रस्सा भुरकत म्हणाली.

"सांगू का त्या बाईला?"

"नको, नको. चांगलं झालंय."

लुमिंगला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. दुसरीच्या हाताला 'चांगलं' म्हणणारी ही बाई नव्हे. तिनं स्वतः एक घास घेतला. खरंच चांगलं झालं होतं. डाव कुठल्या कुठे गेला आणि तिनं ताट पुढं ओढलं.

"पण लवकर आटप," ती थोड्या वेळानं म्हणाली. "आत्ता निघालो तर सूर्य बुडायच्या आत पोचतो. तुला अंगणातच खुर्ची टाकते."

अची माशाचं डोकं चोखत होती. "तुझ्याकडे गेल्यावर रांधणार कोण?"

"मी."

"अगं बाई गं! म्हणून तर इतकी वर्षं आले नाही."

"चेष्टा पुरे झाली."

"चेष्टा कसली? तुझा भात मी खाल्लाय. खालून काळा, वरून कच्चा. तुझ्या घरी आले असते, तो भात बघितला असता, आणि तासाभरात कमरेला फडकं बांधून चुलीशी उभी. तुझा समुद्र बिचारा अंगणातच राहिला असता. लुमिंग, माझे पाय असे आहेत बघ, कुणाच्याही घरी गेले की मागच्या दारानं शिरतात." तिनं बोटं चाटली. "इथं मजा आहे. ती बाई आपणहून आणतेय. काय हवं म्हणून विचारतेय. मला कुणी विचारलं होतं का गं कधी?"

लुमिंगनं मान हलवली. नव्हतं विचारलं.

समोर रोवेना थक्क होऊन सासूकडे बघत होती. म्हातारी रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून कुजबुजतेय, मान हलवतेय. तिनं तोंड उघडलं, तर तिनोनं तिच्या हातावर हात ठेवला.

"मग समुद्राचं काय?" लुमिंगनं विचारलं. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"तू सांग ना. मी भांडी घासायचे आणि तू शेजारी बसून शाळेतलं सगळं सांगायचीस, तसं. तुला रांधता नाही आलं, पण सांगता येतं."

म्हणून लुमिंगनं समुद्र सांगायला घेतला. आता ती कुजबुजत नव्हती, चारचौघांत बोलावं तशी बोलत होती.

"सकाळी तो काही विशेष नसतो," ती म्हणाली. "सकाळी डोंगर मागं असतो ना, त्याची सावली पाण्यावर पडते आणि तो झोपल्यासारखा दिसतो. कोळ्यांच्या होड्या येतात, दोन्ही बाजूंना बांबूचे हात पसरलेल्या. मासे निवडताना बायका भांडतात, ते घरापर्यंत ऐकू येतं. दुपारी बघवत नाही, इतका चमकतो. पण ऊन उतरलं की मी अंगणात जाते. तेव्हा तो रंग बदलायला लागतो. आधी पितळेसारखा. मग पिकलेल्या पपईसारखा. मग एक वेळ अशी येते, अची, की त्याला रंगच नसतो. तेव्हा लाटा येतात त्या कुठून येतात ते कळत नाही, नुसता आवाज येतो आणि पायाशी ओलं होतं. थंडीच्या दिवसांत कासवं येतात अंडी घालायला. एवढाली. कशाकडे बघत नाहीत, कुणाला भीत नाहीत. वाळू उकरतात, अंडी घालतात, झाकतात आणि परत जातात. मागं वळूनसुद्धा बघत नाहीत. मला आधी राग यायचा त्यांचा. आता नाही येत. आणि वास सांगायचा राहिला. वास सुक्या माशांचा, ओल्या दोरांचा, आणि त्याच्या खाली आणखी एक वास आहे, त्याला नाव नाही. पावसात भिजलेल्या मुलाच्या डोक्याला येतो तसा."

ती बोलत होती आणि उन्हं तिरपी होऊन मेजावर आली. तळ्यात एक मासा उसळला. शेजारच्या मेजावरची माणसं उठून गेली, दुसरी आली. दारा इस्यांग म्हशीच्या दुधाचा थुलथुलीत खरवसासारखा गोड पदार्थ ठेवून गेली, वर खोबऱ्याचा चुरा भाजून घातलेला. तिनोनं एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. रोवेना हनुवटी तळहातावर ठेवून ऐकत होती. त्या समुद्रापाशी संसार केलेली ती बाई. रोज त्याच वाऱ्यात कपडे वाळत घालायची. पण तो तिनं असा ऐकला नव्हता.

लुमिंग थांबली तेव्हा रोवेनानं हात लांब केला, आंबवलेल्या भाताचा वाडगा उचलला आणि चौथ्या ताटात दोन चमचे वाढला.

"हा आवडायचा ना त्यांना?" तिनं हळूच विचारलं. "मोहरीचं पान पण देते."

"बघ, सून वाढतेय," अची खूष होऊन म्हणाली. "लुमिंग, ते दुधाचं आणखी मागव गं. संपत आलं बघ."

"आणि मग निघायचं."

"तू नीघ. मला घाई करू नकोस."

पाण्यावरून वारा आला, छपराच्या झावळ्या सळसळल्या. लुमिंगला कळत होतं की एक हाक पुरे आहे. 'अची, चल गं,' एवढं म्हटलं की ही अर्धा घास टाकून उठेल. आयुष्यभर ती अशीच उठत आली होती. कुणी हाक मारली आणि अची बसून राहिली असं झालंच नव्हतं. गाडी उभी होती, दार उघडं होतं, आणि डोंगरापलीकडे समुद्र आत्ता पितळेसारखा झाला असेल. हाक लुमिंगच्या घशापर्यंत आली.

अचीनं चमचा भरून दुधाचा घास तोंडात घातला आणि डोळे मिटले.

लुमिंगनं हाक गिळली. तिनं आपल्या हातानं खुर्ची सरकवली, आवाज होऊ नये म्हणून जराशी उचलून. 'येते' म्हणाली नाही. पिशवी घेतली आणि जिन्याकडे चालू लागली. तिनो आणि रोवेना एकमेकांकडे बघत मागून आली.

पायऱ्यांपाशी दारा इस्यांग उभी होती.

"ते दुधाचं आणखी एक पाठवा त्या मेजावर," लुमिंग म्हणाली. "आणि ते चौथं ताट इतक्यात उचलू नका."

"नाही उचलत, आपू. खानावळ बंद होईस्तोवर राहील तिथं."

"हळूहळू खाते ती. सवय नाही बसून खायची."

"खाऊ दे निवांत. इथं कुणाला घाई आहे?"

गाडी रस्त्याला लागली. बराच वेळ रोवेना पुढं बघत बसली होती, पण तिची मान अवघडल्यासारखी ताठ होती. शेवटी तिला राहवेना. ती थोडीशी वळली. सासूच्या चेहऱ्याकडे आणि तिच्या शेजारच्या जागेकडे पाहिलं.

"इमा," ती म्हणाली, "आपल्याबरोबर... म्हणजे मागून कुणी आलं नाही ना?"

"नाही गं," लुमिंग म्हणाली आणि रुमालानं डोळे पुसले. "आवडलं तिला तिथं."